तलावाची पाळ आणि बांबूच्या फळ्या

आमच्याकडे घसरायला जागा नाही. गोंदियाकडे, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाभोवती जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, एकीचा धुरा दुसरीला लागलेला. पाणी एका बांधीतून दुसरीत उतरावं एवढाच काय तो जमिनीला कल, आणि तोही माझ्या बाबांनाच दिसायचा. बाकीच्यांना जमीन सपाट दिसे. चढ म्हणावा असा गावात एकच होता, तो तलावाच्या पाळीचा. पाळ म्हणजे तलावाचं पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध. आमची पाळ दोन पुरुष उंच, आतल्या अंगाला दगड लावलेले आणि बाहेरच्या अंगाला दाट गवत. आमच्याच कुळातल्या कुणीतरी कधीकाळी तो तलाव बांधला म्हणून पाळीची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे चालत आलेली होती. बाबांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी त्यांचे बाप. असल्या गावातली आणि असल्या घरातली मुलगी बर्फावर घसरायला शिकायला हिमालयात जायचं म्हणते, हे आज लिहितानाही मला हसू येतं.

त्या वर्षी मी अर्जुनीच्या कॉलेजात होते. खेळाच्या सरांकडे एक पत्र आलं, नवशिक्यांसाठी स्कीइंगचं शिबिर आहे, कॉलेजातून एक मुलगी पाठवा. जिचं नाव ठरलं होतं तिचं ऐन वेळी लग्न ठरलं. सरांनी मैदानावरच मला हाक मारली. म्हणाले, "कुंदा, तू पडली तरी लगेच उठते. तूच जा." एवढीच माझी पात्रता. पत्रासोबत एक पातळ पुस्तिका होती आणि तिच्यात एका बाईचा फोटो, पायाला दोन लांब फळ्या बांधलेल्या, गुडघे वाकवलेले, हातात काठ्या. मी बसमध्ये तो फोटो इतक्या वेळा काढून पाहिला की शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, कोण हाय ही तुझी. मी म्हटलं, कोणी नाही. पण खरं सांगायचं तर त्या बाईचा मला हेवा वाटला होता. तिला कुणी कुठे चाललीस म्हणून विचारत नसेल, असं मला वाटलं होतं.

घरी पत्र वाचून दाखवलं तेव्हा माय अंगणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा निवडत होती आणि आत्याबाई तिच्या समोर बसून तिने निवडलेल्या शेंगा पुन्हा निवडत होत्या. आत्याबाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. त्या आमच्याकडेच राहायच्या आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, बाबांनी आधी काहीही म्हटलेलं असो. बर्फ त्यांनी दोनच ठिकाणी पाहिला होता, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गोळ्याच्या गाडीवर आणि मासोळीच्या बाजारात. सामानाची यादी ऐकता ऐकता त्या गॉगलवर थांबल्या. "गॉगल कायले? सिनेमात काम कराले जाऊन राहिली का?" मी म्हटलं, बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात. त्या म्हणाल्या, "मंग पाहू नोको बर्फाकडं." मायने मात्र एकच विचारलं, "तिथं भात भेटते ना वो?" बाबांनी पुस्तिका हातात घेतली आणि तो फोटो दूर धरून, जवळ धरून पाहिला. बाईकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते उतार पाहत होते. "एवढ्या उतारावर माती टिकत नाई," ते म्हणाले, आणि खिशातला पेन काढून संमतीच्या कागदावर सही केली. आत्याबाईंनी तोंड उघडलं होतं, पण सही वाळूनही गेली होती.

मग आमच्या घरात तयारी नावाचा सण सुरू झाला. शनिवारी मी आणि माय गोंदियाला गेलो. लोकरी मोजे मिळाले, हातमोजे मिळाले. जॅकेट मात्र एवढं महाग की माय नुसती बाही चाचपत राहिली. दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये पहन के तो बरफ में भी पसीना आएगा." माय मला मराठीत म्हणाली, "घाम येत असन तर कायले घ्यावं?" आणि आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर तिने पांघरायच्या एका जुन्या लेपाचा कापूस काढला, पिंजून घेतला आणि दुपारी अंगणात बसून माझ्यासाठी एक बंडी शिवली, आत कापूस, वर खादीचं जाड कापड, बोटभर अंतराने दोरा घातलेला. आत्याबाई शेजारी बसून कापूस वाढवत होत्या. माय थोडा काढायची, त्या पुन्हा घालायच्या. बंडी घालून मी अंगणात उभी राहिले तर हात खाली येईनात. दोघींनी माझ्याभोवती फिरून पाहिलं आणि दोघींचंही समाधान झालं. खाण्याचं तर विचारूच नका. जवसाची चटणी, मुरमुऱ्याचे लाडू, तिळाचे लाडू, तांदळाच्या पिठाच्या कडक तळलेल्या पुऱ्या. घराला चार दिवस तळणाचा वास होता. आता माझी नात कुठे जायची झाली की एका छोट्या पिशवीत तिचं सगळं मावतं आणि खाणं ती वाटेत फोनवरून मागवते. मी बोलत नाही, पण मला तिची पिशवी उचलून पाहिल्यावर उगीच काळजी वाटते.

सरांनी सांगितलं होतं, रोज धाव, गुडघे वाकवून उभी राहा, जमल्यास एखाद्या उतारावर तोल सांभाळायची सवय कर. धावणं जमलं. गुडघे वाकवून मी चुलीपुढे उभी राहिले तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, पोट दुखते का. राहिला उतार. मी गावातल्या बुरडाकडे गेले आणि जाड बांबूच्या दोन लांब चिरफळ्या करून घेतल्या. कशासाठी हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने त्यांची टोकं विस्तवावर धरून वर वळवून दिली. बुरडाच्या हातात कसब होतं, त्या फोटोतल्या फळ्यांसारख्याच दिसत होत्या. पायाला बांधायला सुताची दोरी घेतली, हातात दोन काठ्या. आणि पहाट सरून धुकं असेतोवर, धावायला जाते असं सांगून, मी तलावाच्या पाळीच्या अगदी टोकाला जाऊ लागले.

इथे मला पाळीचा नियम सांगायला हवा, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. पाळीच्या बाहेरच्या अंगाला कुणी पाय ठेवायचा नाही. गवत कापायचं नाही, गुरं चढवायची नाहीत, लाकूड ओढायचं नाही. गवताची मुळं माती धरतात आणि माती पाणी धरते. गवत गेलं की पावसाचा ओघळ पडतो, ओघळाची नाली होते आणि नालीतून एक दिवस तलाव निघून जातो. इटियाडोह धरणाचा कालवा आमच्या गावाला लागत नाही, आमचं उन्हाळी धान त्या तलावावर. म्हणून नियम मोडणाऱ्याला दंडही ठरलेला होता, आणि तो पैशाचा नव्हता. ज्याने पाळ उघडी पाडली त्याने तलावाच्या पोटातली चिकणमाती स्वतःच्या डोक्यावर वाहून आणायची, थरावर थर घालून पायाने तुडवायची, धुमसाने ठोकायची आणि जागा पहिल्यासारखी करायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मागच्याच वर्षी सोमाजीकाकांनी आपल्या बांधीत पाणी घ्यायला पाळीला छोटी चर पाडली होती. बाबांनी त्यांना चार दिवस टोपली वाहायला लावली होती. सोमाजीकाका बाबांचे लहानपणचे मित्र. त्या चार दिवसांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी याच घरातली. पण मी मनाशी एक सोय करून घेतली. खळ्यावरचं तणस, धानाचा पेंढा, आणून गवतावर पसरलं की गवताला काय होणार आहे, उलट तणसावरून फळ्या चांगल्या घसरतील. आणि काय घसरत होत्या त्या. पहिल्या दिवशी मी फक्त पडले, पाठीवर, कुशीवर, तोंडावर. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी वरून सुटले आणि पडलेच नाही. कानाशी वारा आला, तणस सळसळलं, आणि मी खाली धुऱ्यापाशी उभी होते, दोन्ही पायांवर. तलावात बदकं ओरडत होती. मी एकटीच हसले, मोठ्याने. आयुष्यात पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली, सगळी सुखं आपापल्या जागी बरी होती. पण इतकं साधं आणि इतकं पूर्ण माझं असं काही मला फार थोड्या वेळा मिळालं. मी रोज जाऊ लागले. फिरून फिरून त्याच जागेवरून. बांबूच्या कडा तणसाखाली गवत कापत होत्या, ते मी पाहिलं नाही. खरं तर एकदा पाहिलं होतं, आणि वर आणखी तणस टाकलं होतं.

निघायला सहा दिवस होते तेव्हा अवेळी पाऊस आला. दीड दिवस पडला. मायने लाडूंचे डबे वर ठेवले, आत्याबाईंनी बर्फाला दोष दिला. पाऊस थांबल्याबरोबर बाबा नेहमीप्रमाणे पाळ पाहायला गेले. परत आले ते पाय न धुताच दारात उभे राहिले. चहा नको म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कुंदा, टोपली घे."

मला विचारावं लागलं नाही. पाळीच्या टोकाला तणस वाहून गेलं होतं आणि जिथून मी घसरत होते तिथे गुडघाभर खोल नाली पडली होती, वरपासून खालपर्यंत. वरच्या काठाची माती तुटायला लागली होती. पाच-सात माणसं जमली होती, त्यात सोमाजीकाका होते. कुणाच्या गुरांनी केलं, कुणी लाकूड ओढलं, असं चाललं होतं. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या पोरीनं केलं. तीच भरन." मला वाटलं सोमाजीकाका आता मागचं काढतील. ते नुसते नालीकडे पाहत राहिले. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. ओरडा खाल्ला की हलकं वाटतं.

माय पाळीवर आली होती. तिने हळूच बाबांना म्हटलं, "चार दिवसानं गाडी हाय तिची. येऊ द्या पोरीले, मंग भरन." बाबा म्हणाले, "ती येईपर्यंत पानी थांबते का?" मी हिशेब केला. सोमाजीकाकांची चर लहान होती, तिला चार दिवस लागले होते आणि ते गडी माणूस. माझी नाली तिच्या दुप्पट. जायचं राहणार हे मला तिथेच कळलं, आणि कुणाला दोष देता येत नव्हता, हे त्याहून वाईट होतं.

मी माती वाहू लागले. तलावाच्या काठाची ओली चिकणमाती टोपलीत भरायची, डोक्यावर घेऊन पाळीच्या वाटेने चढायचं, माथ्यावरून टोकापर्यंत चालायचं, नालीत ओतायची. एक थर झाला की पायाने तुडवायचा, मग धुमसाने ठोकायचा, धप धप. तो आवाज गावभर जायचा. बाया घाटावर धुणं धुताना थांबून बघायच्या. पहिल्या दिवशी मान गेली, दुसऱ्या दिवशी मांड्या. माय दुपारी भात आणि लाखोरीची डाळ घेऊन यायची आणि मी जेवत असताना माझ्या तळहातांना खोबरेल लावायची. आत्याबाई एकदा आल्या, नाली पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "बंडी घालून करून पाह, तिचा वापर तरी होईन." त्यांना मला हसवायचं होतं. मी हसले नाही, त्याचं आता वाईट वाटतं. बाबा सकाळ-संध्याकाळ येऊन थर तपासायचे, बोटाने दाबून. एकदा एक थर त्यांनी परत काढायला लावला. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी टोपली जमिनीवर आपटली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी निम्म्याहून थोडं अधिक भरलं होतं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. माणसं पाहायला आली. सोमाजीकाका नालीत उतरले, थर पायाने दाबून पाहिला आणि बाबांना म्हणाले, "काम पक्कं केलं पोरीनं, लक्ष्मणभाऊ. उरलेलं आमी भरतो. जाऊ द्या तिले." हे बोलायचा अधिकार गावात फक्त त्यांनाच होता, आणि ते बोलले. मला वाटलं, आता जायला मिळणार.

बाबा म्हणाले, "नाई सोमाजी. ज्याचा दंड त्यानंच भरावा." मी खाली पाहिलं. मग बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून कमरेला बांधला आणि माझ्या हातातली टोपली घेतली. "तुमी काऊन?" सोमाजीकाका म्हणाले. "माझाबी दंड हाय," बाबा म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो. दुसऱ्या दिवसापासून. रोज सकारी पाळीच्या त्या अंगाले उभा राहून पाहून राहिलो होतो. थांबवलं नाई." मी बाबांकडे पाहत होते. गावातल्या कुठल्याही माणसाने चुकून पाळीवरून काठी ओढली तरी ज्यांना ते कळायचं, तेच धुक्यात उभे होते आणि मला ते कधी दिसले नव्हते. बाबा सोमाजीकाकांकडे वळून पुढे म्हणाले, "तुले चार दिवस माती वाह्याले लावली मी. राखणदारच पाहून गप बसला तर राखण कायची? यंदापासून दुसऱ्याकडं द्या." हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण हातातली टोपली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. आणि गावाने खरंच दिली. पुढची दोन वर्षं राखण सोमाजीकाकांकडे होती. तेवढ्या दिवसांत बाबा पाळीवर जायचे ते सोमाजीकाकांना सांगून.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून माती वाहिली. बाबा भरायचे आणि चढायचे, मी तुडवायची आणि ठोकायची. सोमाजीकाका माथ्यावर बसून होते, हात लावायला त्यांना परवानगी नव्हती, पण ते घरी गेले नाहीत. उन्हं उतरायच्या आत शेवटचा थर झाला. सोमाजीकाकांनीच तो बोटाने दाबून पाहिला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाबा मला गोंदियाच्या स्टेशनापर्यंत सोडायला निघाले. कोहमाऱ्याला बस बदलायची होती. ढाब्यासमोरच्या बाकावर आम्ही चहा घेत बसलो, मधे माझी ट्रंक, तिच्यावर लाडूंचे डबे, आणि ट्रंकेत मावली नाही म्हणून बंडी माझ्या अंगात. ट्रक धूळ उडवत जात होते. कालपासून आम्ही त्याविषयी बोललो नव्हतो. मी विचारलं, "बाबा, पाहून राहिले होते तर थांबवलं काऊन नाई?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग ट्रकांकडेच पाहत म्हणाले, "आदी वाटलं, पडन आन सोडून देईन. मंग त्या दिवशी तू नाई पडली. हासली. तुले तसं हासताना मी कदी पाहिलंच नोतं, बाई. मंग रोज येऊन राहिलो."

मी ट्रंकेवरचे डबे उचलून मांडीवर घेतले. तेवढ्यात गोंदियाची बस आली आणि बाबांनी ट्रंक उचलली.